दिवाळीच्या आसपास बटाटा मातीत: परसबागेसाठी रब्बीचा सल्ला

नवरात्र सरलं आणि पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटू लागली की बटाट्याचं बेणं आणायची वेळ झाली असं समजा. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा मध्य, हा पुणे, सातारा, नगर, नाशिकपासून मराठवाडा-विदर्भापर्यंत घरच्या वाफ्यातल्या बटाट्याचा काळ. बटाट्याचा पाला उन्हातही वाढतो, पण कंद धरायला रात्र गार लागते. रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली उतरलं की मुळांजवळच्या पांढऱ्या फांद्यांची टोकं फुगू लागतात. डिसेंबरअखेर लावलेला बटाटा फेब्रुवारीच्या उन्हात सापडतो, मग पाला गुडघाभर आणि खाली सुपारीएवढे कंद.

आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर बटाटा खरिपात, पावसावर घेतात. तिथली उंची आणि गार हवा त्याला साथ देते. ते पाहून खालच्या भागात जूनमध्ये घरी लागवड करू नका. साचलेल्या पाण्यात बेणं कुजतं, आणि पहिल्याच वर्षी असं झालं की घरातली माणसं पुन्हा त्या वाटेला जात नाहीत.

बेण्याबद्दल मी आग्रहाने सांगेन. भाजीवाल्याकडून आणलेला बटाटा लावू नका. तो शीतगृहातून आलेला असतो, अनेकदा कोंब येऊ नयेत म्हणून त्यावर प्रक्रिया झालेली असते, आणि कुठला रोग सोबत आणला आहे हे वरून दिसत नाही. मर रोग, ज्याला आपल्याकडे बांगडी म्हणतात, असाच घरात येतो. असा कंद कापला की आत तपकिरी कडं दिसतं आणि दाबल्यावर त्यातून चिकट द्रव येतो. हा रोग एकदा वाफ्यात शिरला की टोमॅटो, वांगी, मिरची यांनाही सोडत नाही. म्हणून मंचर, खेड भागात पंजाबातून बेणं येतं तेव्हा एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून चार किलो मागून घ्या, किंवा कृषी सेवा केंद्रातून प्रमाणित बेणं घ्या. जातीत कुफरी ज्योती आणि कुफरी पुखराज सहज मिळतात. कुफरी लवकर नावाप्रमाणे लवकर येते. जिथे थंडी बेताची तिथे कुफरी सूर्या शोधा, ती उष्णता सोसणारी जात आहे. या नावांतलं कुफरी म्हणजे शिमल्याजवळचं गाव. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था शिमल्याला आहे आणि तिच्या जातींना हे नाव मिळतं.

शीतगृहातून आलेलं बेणं थेट मातीत घालू नका. ८-१० दिवस सावलीत, हवेशीर आणि अंधुक उजेडाच्या जागी एका थरात पसरा. आखूड, जाड, हिरवट-जांभळे कोंब आले की बेणं तयार. अंधारात ठेवलं तर लांब पांढरे कोंब येतात आणि लावताना मोडतात. ३० ते ४० ग्रॅमचा, साधारण अंड्याहून थोडा लहान बटाटा अख्खा लावा. मोठा असेल तर उभा कापा, प्रत्येक फोडीवर २-३ डोळे हवेत. दर दोन-तीन बटाट्यांनंतर सुरी स्पिरिटने पुसा. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो तो बहुतेक सुरीनेच. फोडी ओलसर गोणपाटाखाली सावलीत एक-दोन दिवस ठेवल्या की कापलेली बाजू कोरडी, चामड्यासारखी होते. ज्यांना रासायनिक औषध चालतं त्यांनी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक १ लिटर पाण्यात ३ ग्रॅम घेऊन त्यात फोडी १० मिनिटं बुडवून सावलीत सुकवाव्यात. हातमोजे घाला आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

आता जागा. १० फूट बाय १० फुटांचा तुकडा, दिवसातून सहा तास ऊन, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तिथे टोमॅटो, वांगी, मिरची नसावी. ही सगळी बटाट्याचीच भावंडं, रोगही वाटून घेतात. दीड फुटावर सरी-वरंबे काढले तर सहा ओळी बसतात. ओळीत ८ इंचांवर एक असे सगळे मिळून ९० कंद, म्हणजे साडेतीन किलो बेणं. नीट निगा राखली तर १८-२० किलो बटाटा निघावा. बेण्याच्या किती पट बटाटा निघाला, याला सातगाव पठाराची माणसं गळीत म्हणतात. घरच्या वाफ्यात एकाला पाच-सहाचं गळीत पडलं तरी ते उत्तम माना.

या तुकड्याला २५ ते ३० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत द्या आणि दोन-तीन किलो निंबोळी पेंड मिसळा. कच्चं शेणखत घातलं की हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. चुलीच्या राखेबद्दल सावध राहा. भाजीला राख चांगली असा आपल्याकडे समज आहे आणि इतर वाफ्यांत ती थोडी घालायला हरकत नाही, पण दख्खनच्या काळ्या मातीचा सामू (पीएच) मुळातच चढा असतो. राखेने तो आणखी वाढतो आणि बटाट्याच्या सालीवर खरूज येते. काळी माती असेल तर तिची आणखी एक खोड लक्षात ठेवा: सुकली की भेगाळते. वरंब्यात भरपूर कंपोस्ट किंवा कुजलेला पालापाचोळा मिसळून ती मऊ करा. माझ्या मते काळ्या मातीत हे काम खतापेक्षाही महत्त्वाचं आहे. कारण पुढे सांगतो.

कंद २-३ इंच खोल, कोंब वर ठेवून लावा. उगवायला १० ते १५ दिवस लागतात. तेवढ्यात वरंब्याचे खांदे रिकामे असतात, तिथे लागवडीच्याच दिवशी मेथी टाका. २५ दिवसांनी मेथी मुळासकट उपटायची, की बरोबर बटाट्याला भर द्यायची वेळ येते. मेथीमुळे घरात भाजी आधी येते आणि धीर राहतो. कोथिंबीर मात्र या जागी टाकू नका. धणे उगवायलाच आठ-दहा दिवस घेतात आणि भर द्यायच्या वेळी कोथिंबीर ऐन भरात असते. तिला वेगळा वाफा द्या, धणे रगडून दोन फाका करून पेरा.

भर देणं म्हणजे पाला वीतभर झाला की सरीतली माती ओढून खोडाशी चढवणं. पहिली भर २५-३० दिवसांनी, दुसरी त्यानंतर १५ दिवसांनी. बटाटा हा मुळाचा नव्हे, खोडाचा भाग आहे. उघडा पडला की तो हिरवा होतो, आणि हिरव्या बटाट्यात सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं. ते उकडून जात नाही. दुसरी भीती पाकोळीची. ही छोटी करडी पाकोळी उघड्या कंदावर, डोळ्यांजवळ अंडी घालते. अळी आत बोगदे करते आणि तुम्हाला कळतं ते बटाटा चिरल्यावर. वरंब्याला भेग पडली की तिला वाट मिळते. म्हणून काळ्या मातीच्या भेगांबद्दल मी एवढं बोललो. आठवड्यातून एकदा वाफ्यातून फिरा, भेग दिसली की मुठीने माती भरा. एवढ्या कामाने अर्धा त्रास टळतो.

पाणी सरीतून द्या, वरंबा बुडवू नका. सरी अर्ध्यापर्यंत भरली की पुरे. सुरुवातीला ५-६ दिवसांनी, पुढे जमिनीप्रमाणे ८-१० दिवसांनी. महिन्याभराने कंद धरू लागतात, तेव्हापासून पाण्यात खंड नको. आठवडाभर कोरडं ठेवून मग भरपूर पाजलं तर कंद तडकतात, वेडेवाकडे होतात. जानेवारीत निफाडसारख्या भागात पारा फार घसरतो, अशा रात्रीच्या आधी संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली माती रात्री ऊब धरते.

ढगाळ हवा, धुकं आणि पानांवर पाण्यात भिजल्यासारखे काळपट डाग, खालच्या बाजूला पांढरी बुरशी, हे उशिरा येणाऱ्या करप्याचं लक्षण. डागाळलेली पानं लगेच तोडून वाफ्याबाहेर न्या, कंपोस्टमध्ये टाकू नका. फवारायचं असेल तर हवा बिघडल्या दिवशीच मॅन्कोझेब लिटरला २.५ ग्रॅम. मात्र शेजारी पालक, शेपू असेल तर तो आधी काढून घ्या, औषधाचा तुषार पालेभाजीवर जाता कामा नये. मावा आणि तुडतुड्यांना निंबोळी अर्क पुरतो: ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा.

घरात लहान मुलं असतील तर एक सांगून ठेवा. बटाट्याला फुलांनंतर कधी कधी छोटी हिरवी फळं लागतात, अगदी कच्च्या टोमॅटोसारखी. ती विषारी असतात. दिसली की तोडून पुरून टाका.

उरलेल्या जागेत काय घ्यावं? वाफ्याच्या कडेने लसूण टोचा, ४ इंच बाय ३ इंचांवर, पाकळीचं टोक वर. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची भीमा ओंकार ही जात चांगली. लसूण चार महिने जागा अडवतो, तेव्हा जिथे पुढे काही लगेच लावायचं नाही तीच कड निवडा. मुळा एकदम सगळा पेरू नका, दर पंधरवड्याला एक ओळ. गाजर जागेवरच पेरा, रोप उपटून लावलं की त्याला फाटे फुटतात. पालक महिनाभराने कापायला येतो, दोन बोटं ठेवून कापला तर पुन्हा फुटतो. वाटाणा बटाट्याच्या उत्तरेला, काटक्यांच्या आधाराने, म्हणजे सावली पडणार नाही. टोमॅटो लावायचाच असेल तर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला.

कोकण आणि गोव्यातल्या वाचकांसाठी वेगळं सांगायला हवं. बटाटा हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांकडून मिळाला, पण किनारपट्टीची उबदार रात्र या पिकाला मानवत नाही. हौस असेल तर भातकापणीनंतर ओल असलेल्या जागी मातीवर कंद ठेवा, थोडं शेणखत टाका आणि वर ६ ते ८ इंच पेंढा अंथरा. पेंढा जमीन गार ठेवतो आणि काढणीला खोदावंही लागत नाही. पीक बेताचंच येईल. तुमची खरी श्रीमंती लाल माठ, मुळा, वाल, चवळी आणि रताळी. वाफ्यातली चांगली जागा त्यांना द्या.

गच्चीवर जागा असलेल्यांनी ५० किलोची जुनी गोणी अर्धी दुमडून घ्यावी, तळाला भोकं पाडावीत, एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट भरून त्यात दोन कंद लावावेत आणि पाला वाढेल तशी गोणी उलगडून माती चढवावी. गोणी उन्हात तापते, म्हणून तिच्या दक्षिण-पश्चिम बाजूला पोतं गुंडाळा.

८० ते १०० दिवसांनी पाला पिवळा पडून आडवा होऊ लागतो. तेव्हा पाणी तोडा, आणि आठ-दहा दिवसांनी पाला जमिनीलगत कापा. लगेच खणू नका, आणखी आठवडाभर थांबा म्हणजे साल पक्की होते. एक कंद उकरून अंगठ्याने चोळा, साल सुटली नाही तर काढणीला लागा. काढलेले बटाटे धुऊ नका. कुदळ लागलेले त्याच आठवड्यात भाजीला वापरा, बाकीचे सावलीत १०-१५ दिवस ढीग लावून वर कोरडं गवत टाका. कापलेला बटाट्याचा पाला ढिगावर पांघरू नका, पाकोळी त्याच पाल्यातून कंदावर येते. नंतर अंधाऱ्या, हवेशीर जागी, कांद्यापासून लांब ठेवा आणि आठवड्याला एकदा हात फिरवून कुजका दाणा वेगळा काढा. रिकामा वाफा फेब्रुवारीत गवार, भेंडी किंवा चवळीला द्या. टोमॅटोची रोपं तिथे यंदा नकोत.