सोप्यावर फुटक्या टाइल्सची नक्षी

गोव्यातल्या घराच्या बाल्कांवातला (पुढच्या ओसरीतला) सोपो, म्हणजे बसायचा पक्का कट्टा, नुसता लाल बघून कंटाळा आला असेल तर फुटक्या टाइल्स लावून बघा, बार्सेलोनात वास्तुकार गौदीच्या पार्क ग्युएल बागेतला तो नागमोडी बाक आहे ना, तीच आयडिया. टाइल गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडायची, डोळ्यांना चष्मा हवाच. धारदार कडा दगडावर घासून घ्या, बसायची जागा आहे बाबा ती! मग सगळे तुकडे आधी कोरडेच मांडून बघा, खरी मजा इथेच, मी मासा करायला गेलो आणि झालं मांजर, तेच ठेवलं. नंतर टाइल अ‍ॅडहेसिव्हवर ३-४ मिमी फट सोडून चिकटवा, २४ तास हात लावायचा नाही, मग ग्राउट (फटी भरायचा मसाला) भरून ओल्या स्पंजने पुसा. आणि जूनच्या आधी उरका, पाऊस लागला की काहीच सुकत नाही.