पिनोकियोवरचा नवा चित्रपट कसा पारखावा

पिनोकियो या लाकडी बाहुल्याच्या गोष्टीवर दर काही वर्षांनी नवा चित्रपट येतो. 2022 या एकाच वर्षी रॉबर्ट झेमेकिस आणि गिलेर्मो देल तोरो यांचे दोन चित्रपट आले. असा चित्रपट पाहून झाला की घरोघरी एक तक्रार हमखास ऐकू येते, ती म्हणजे ‘मूळ गोष्टीत असे नव्हते’. ही तक्रार करण्यापूर्वी आपण मूळ गोष्ट कशाला म्हणतो आहोत, हे आधी तपासावे. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनातला पिनोकियो 1940 च्या डिस्ने चित्रपटातून किंवा त्यावर बेतलेल्या चित्रपुस्तकांतून आलेला असतो. त्यामुळे नव्या चित्रपटाची तुलना नकळत जुन्या चित्रपटाशी होते आणि पुस्तक बाजूलाच राहते.

तेव्हा पहिले काम पुस्तक वाचण्याचे. कार्लो कोलोदी या इटालियन लेखकाची ही गोष्ट 1881 पासून रोमच्या एका मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली आणि 1883 मध्ये फ्लॉरेन्सला तिचे पुस्तक निघाले. एकूण 36 लहान प्रकरणे आहेत. रोज रात्री पाच-सहा वाचली तरी आठवड्यात पुस्तक संपते. डिस्नेचा गाणारा सोबती रातकिडा येथे पिनोकियोला उपदेश करायला जातो आणि चौथ्या प्रकरणातच पिनोकियोने भिरकावलेल्या हातोड्याखाली चिरडला जातो आणि पुढे भूत होऊन परततो. समुद्रात देवमासा नसून किलोमीटरहून लांब असा शार्क आहे, आणि दम्यामुळे तो तोंड उघडे टाकून झोपतो. पंधराव्या प्रकरणाच्या शेवटी पिनोकियोला ओकच्या झाडावर फाशी दिले जाते. कोलोदीने गोष्ट तेथेच संपवली होती, ती वाचकांच्या आग्रहामुळे पुढे चालू झाली. हे सारे माहीत असले, म्हणजे चित्रपटातला एखादा कठोर प्रसंग दिग्दर्शकाने उगाच घुसडला, असा आरोप आपण सहसा करत नाही.

दुसरे काम अवघड आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे : गोष्ट कशाच्या जोरावर चालते, ते ओळखणे. पिनोकियो म्हटले की आपल्याला खोटे बोलल्यावर वाढणारे नाक आठवते, पण पुस्तकात तसे मोजक्याच ठिकाणी घडते. त्याला लाकडातून घडवणारा म्हातारा जेपेत्तो नाक कोरत असतानाच ते वाढू लागते. मग पाचव्या प्रकरणात पुन्हा वाढते, आणि तो प्रसंग मी प्रत्येकाला सावकाश वाचायला सांगेन. जेपेत्तोच्या खोलीत एक मोडकी खुर्ची, एक वाईटसा पलंग आणि एक जुनाट टेबल एवढेच सामान आहे. भिंतीवर पेटलेली चूल दिसते, पण ती रंगवलेली आहे. चुलीवरचे पातेले रंगवलेले आणि त्यातून निघणारी वाफही रंगवलेलीच. भुकेने कासावीस झालेला पिनोकियो झाकण उचलायला धावतो, हात भिंतीला लागतो, आणि त्या क्षणी त्याचे नाक चार बोटे वाढते. येथे त्याने कसलेही खोटे सांगितलेले नाही. पुढे हाच जेपेत्तो आपला एकुलता एक डगला विकून त्याच्यासाठी अंकलिपी आणतो आणि बर्फ पडत असताना ‘उकडत होते म्हणून विकला’ असे सांगतो. पिनोकियो मात्र ती अंकलिपी कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाच्या तिकिटासाठी विकून टाकतो. ही गोष्ट भुकेवर आणि गरिबीत केलेल्या मायेवर चालते. पिनोकियोचा उनाडपणा बोचतो तो यामुळेच.

हे एकदा पक्के झाले की नव्या चित्रपटात जेपेत्तोच्या घराकडे नीट पाहावे. 1940 च्या चित्रपटातले घर घड्याळांनी आणि खेळण्यांनी भरलेले, उबदार आहे. ते डोळ्यांना सुखावते, पण त्या घरात अंकलिपीसाठी डगला विकावा लागत नाही. याउलट मात्तेओ गारोने यांच्या 2019 च्या चित्रपटात रोबेर्तो बेनिन्यी यांचा जेपेत्तो खानावळीत शिरतो आणि काही काम मिळावे म्हणून तेथल्या धडधाकट टेबलाखुर्च्यांत खोट काढू लागतो. माझी आठ वर्षांची भाची तो प्रसंग पाहताना मला म्हणाली, “आजोबांना भूक लागलीये ना? मग ते मागत का नाहीत?” ज्या चित्रपटामुळे मुलाला असा प्रश्न पडतो, त्याने पुस्तकाचे मर्म पकडले आहे, असे मी खुशाल समजतो. मुलाबरोबर चित्रपट पाहणार असाल तर मध्येच समजावून सांगू नये. त्याचे प्रश्न मात्र टिपून ठेवावेत.

तिसरे काम बदलांची तपासणी. गाळलेल्या प्रसंगांची यादी करून गुण कापणे सोपे असते, पण त्यातून फारसे काही कळत नाही. गाळलेला प्रसंग पुस्तकात कोणते काम करत होता आणि चित्रपटात ते काम आता कोण करते, असे विचारावे. देल तोरो यांनी गोष्ट मुसोलिनीच्या काळातल्या इटलीत नेली आहे. मुले गाढवे होतात तो पुस्तकातला खेळण्यांचा देश त्यांच्या चित्रपटात नाही. त्याच्या जागी मुलांना सैनिक बनवणारी छावणी आहे. वरवर पाहता हा फार मोठा बदल आहे. तरीही गोड बोलून मुलांना घरापासून तोडायचे आणि मग त्यांचा ओझ्याच्या जनावरासारखा वापर करायचा, हे त्या देशाचे काम छावणी चोख बजावते. रातकिडाही पुन्हा पुन्हा चिरडला जातो, म्हणजे उपदेशाबद्दलची कोलोदीची निर्दय थट्टा शाबूत राहते. मला हा बदल पूर्णपणे पटला. उलट एखाद्या चित्रपटात सगळे प्रसंग क्रमाने आले आणि त्यांतून कोणाला कशाची झळ लागली नाही, तर ती निष्ठा कोरडी समजावी.

बाहुली कशी घडवली आहे, हेही पाहावे, पण थोडक्यात : चालताना ती लाकडाची वाटते का, जमिनीवर तिचा भार पडतो का, एवढे पुरे.

शेवटची दहा मिनिटे मात्र दोनदा पाहावीत. पुस्तकात आजारी जेपेत्तोला पेलाभर दूध मिळावे म्हणून पिनोकियो एका माळ्याचा रहाट ओढून शंभर बादल्या पाणी काढतो. हे काम आजवर ज्या गाढवाकडे होते ते गोठ्यात मरायला टेकलेले असते, आणि ते गाढव म्हणजे त्याच्यासोबत खेळण्यांच्या देशात पळून गेलेला त्याचा मित्र निघतो. मित्र मरतो, पिनोकियो पाच महिने रोज रहाट ओढतो आणि त्यानंतर कुठे एका सकाळी मुलगा होऊन जागा होतो. झेमेकिस यांनी तो खरा मुलगा झाला की नाही, हे संदिग्ध ठेवले. देल तोरो यांचा पिनोकियो लाकडाचाच राहतो. शेवट पुस्तकापेक्षा वेगळा असण्याला माझी हरकत नाही. आपण पाहत असलेल्या चित्रपटात त्या शेवटापूर्वी पिनोकियोने स्वतःच्या हातांनी, दुसऱ्या कोणासाठी, नेमके काय केले, ते एका वाक्यात लिहून पाहावे. असे वाक्य लिहिता येत नसेल, तर चित्रपटातला शेवटचा चमत्कार पिनोकियोने कमावलेला नाही, असे आपल्या परीक्षणात स्पष्ट नोंदवावे.