शाळा सुरू होतेय? शिक्षकहो, या चुका टाळा

शाळा उघडायला आठवडा उरला की नव्या शिक्षकांचे प्रश्न ठरलेले. तक्ते कोणते लावू? नियम किती ठेवू? पहिल्या दिवशी हसायचं की नाही? झोप उडावी असं यात काहीच नाही. पुढे ज्यांनी खरंच झोप उडते, म्हणजे वह्या गोळा करतानाचा गोंधळ, दुसऱ्या आठवड्यात बसलेला घसा, रात्री अकराला वाजणारा पालकांचा ग्रुप, त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. दरवर्षी तेच ते पाहून कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकते. महिन्याभराने केली तरी चालली असती अशी कामं आधी उरकायची आणि पहिल्या आठवड्यातच करायची ती पुढे ढकलायची, बहुतेकांचा ताण या उलट्या क्रमातून येतो.

पहिल्याच तासाला धडा पहिला

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि हुशार माणसं ती जास्त करतात. ज्याला विषय उत्तम येतो त्याला कधी एकदा शिकवतो असं झालेलं असतं. शिवाय 'पोर्शन' नावाचा बागुलबुवा मानगुटीवर बसलेला असतोच.

आमच्याकडे गणिताचे एक तरुण सर आले होते. विषय तोंडपाठ, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं. पहिल्या दिवशी वर्गात शिरले, नाव सांगितलं आणि पाचव्या मिनिटाला धड्याचं शीर्षक लिहून मोकळे. आठवडाभर सगळं छान चाललं. पहिल्या आठवड्यात कुठलाही वर्ग शांतच असतो, मुलं तुमचा अंदाज घेत असतात. ती शांतता आपल्या धाकामुळे आहे असं समजणं ही नवशिक्यांची आणखी एक गोड चूक.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी वह्या मागितल्या. "चला, वह्या द्या रे." अख्खा वर्ग एकदम उठला. टेबलाभोवती गराडा पडला. एकाने ढिगारा पाडला, दोघांनी त्या गडबडीत जागा बदलल्या, "सर, पक्की की कच्ची?" हा प्रश्न प्रत्येक रांगेतून वेगळा आला. मग कोणाला पाणी प्यायचं होतं, कोणाची वही घरी राहिली होती आणि त्यामागची कहाणी सांगायची होती. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी व्हरांड्यातून घड्याळ लावलं होतं. आठ मिनिटं. चाळीस मिनिटांच्या तासातली आठ मिनिटं म्हणजे पाचवा हिस्सा. रोज एक तास असेल, तर पाच दिवसांच्या आठवड्यात अख्खा एक तास नुसता वह्यांच्या नावाने गेला.

बाईंनी हे सांगितल्यावर सर म्हणाले, "मुलंच तशी आहेत." मग शिक्षा सुरू झाल्या. आधी बाकावर उभं करणं, मग वर्गाबाहेर, मग खेळाचा तास बंद. खेळाचा तास बंद केल्याने वर्ग सुधारल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. ज्यांच्या अंगात जास्त खुमखुमी त्यांचीच ती जिरवायची जागा आपण काढून घेतो. पहिल्या चाचणीच्या सुमारास गंमत अशी झाली की ज्या शिक्षकांनी सुरुवातीचे दिवस 'वाया घालवले' होते ते पुढे होते आणि आपले सर धडाभर मागे.

शेवटी एका सोमवारी त्यांनी पहिला दिवस असल्यासारखी सुरुवात केली. शेवटच्या बाकावरच्या मुलाने वही पुढे द्यायची, पुढच्याने आपली त्यावर ठेवायची, सगळ्यांची नावाची बाजू वर, पहिल्या बाकावरच्याने गठ्ठा टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवायचा. कोणीही जागेवरून उठायचं नाही. मुलं आधी हसली. सरांनी सगळ्यांच्या वह्या परत देऊन पुन्हा करायला लावलं, मग आणखी एकदा. त्या आठवड्याच्या शेवटी तेच काम मिनिटाच्या आत व्हायला लागलं. सरांचं अजूनही म्हणणं आहे की आपण शिस्त लावली. असू दे.

जेकब कुनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं चित्रीकरण करून शिक्षकांचा अभ्यास केला होता. ते काम १९७० साली पुस्तकरूपाने आलं. गडबड झाल्यावर चांगला शिक्षक काय वेगळं करतो हे तो शोधत होता, आणि तिथे त्याला फारसा फरक सापडला नाही. फरक होता गडबड होण्याच्या आधी. सगळ्या वर्गावर एकाच वेळी नजर असणं, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना खंड न पडू देणं, अशा गोष्टींत. पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी आपण अजून शिक्षांचेच प्रकार शोधतोय.

माझी सवय सांगते. पहिले दोन-तीन दिवस मी विषय नावापुरता घेते. वर्गात शिरल्यावर काय करायचं, वही कशी द्यायची, बाहेर जायचं तर कसं विचारायचं, काम लवकर संपलं तर काय, आणि समजलं नाही तर मला ते कसं कळवायचं, एवढं शिकवते. सांगत नाही, करवून घेते. नियमांच्या तक्त्यावर 'शिस्त पाळा' हे झकास अक्षरात असतं, पण पेन्सिलला टोक करायला उठायचं की नाही हे कुठेच नसतं, आणि भांडणं त्याच्यावरूनच होतात. मुलं येण्याआधी फळ्यावर एक छोटा प्रश्न लिहिलेला असतो आणि मी दारात उभी असते. पहिली दोन मिनिटं मला एक शब्द बोलावा लागत नाही. यात वेळ जातो, हो. पण ज्यांना तो वेळ घालवणं असह्य होतं, त्यांनी व्हरांड्यातून कोणाला तरी घड्याळ लावायला सांगावं.

आवाज चढवून वर्ग शांत करणं

दुसरी लाडकी चूक. सुट्टीत महिनाभर घरातल्या आवाजात बोलायचं आणि शाळा उघडल्या दिवशी पाच-सहा तास भरल्या वर्गात ओरडायचं. गुरुवारपर्यंत घसा बसला की दोष हवेला.

आजूबाजूला आवाज वाढला की आपलाही आपोआप वाढतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. हे तुमच्या बाबतीत घडतं तसंच मुलांच्याही. तुम्ही चढलात की ती चढतात, मग तुम्ही अजून. या शर्यतीत तुमच्याकडे एक घसा आणि समोर चाळीस. निकाल सांगायला नको.

अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा या राज्यांतली एक मोठी पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा त्रास झाल्याचं शिक्षकांपैकी ५७.७ टक्क्यांनी सांगितलं. इतर व्यवसायांतल्या लोकांमध्ये हे प्रमाण २८.८ टक्के होतं. म्हणजे जवळपास दुप्पट. बायकांना त्रास जास्त होतो, कारण बोलताना बाईच्या स्वरतंतूंची सेकंदाला साधारण दोनशे वेळा उघडझाप होते, पुरुषाच्या त्याच्या निम्म्याच्या आसपास. तेवढीच वाक्यं बोलून आमची झीज जास्त.

घसा बसल्यावर कुजबुजत शिकवणारे असतात. नका करू, जोर लावून कुजबुजण्यानेही ताण पडतो. सारखं खाकरून घसा 'मोकळा' करणंही वाईट, त्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्यापेक्षा पाण्याचा घोट घ्या. बाटली टेबलावर दिसेल अशी ठेवा, पिशवीत असली तर संध्याकाळी भरलेलीच घरी येते. आवाज तीन-चार आठवड्यांत पूर्ववत झाला नाही तर घरगुती काढे पुरे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

वर्ग शांत करायला मी टेबलावर पेनाचे दोन ठोके देते आणि फळ्याकडे वळून तारीख लिहायला लागते, अगदी सावकाश. तारीख लिहून होईपर्यंत पुढच्या रांगा मागच्यांना गप्प करतात. नव्या वर्गावर हे पहिल्या दिवशी चालत नाही. आठवडाभर तोच ठोका, तीच जागा, न चिडता. तिसऱ्या दिवशी धीर सुटतो आणि "अरे गप्प बसा!" बाहेर पडतं, की पुन्हा पहिल्यापासून.

सजावटीत आठवडा घालवणं

कार्डशीट, गोंद, रंगीत कडा, पिंटरेस्टवरून उतरवलेले ढग आणि तारे. मला सुंदर वर्गाचं वावडं नाही. पण रात्री बारापर्यंत झुरमुळ्या कापणाऱ्या बाई पहिल्या दिवशी डोळे चोळत येतात तेव्हा राग येतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये बालवर्गातल्या मुलांवर एक छोटा प्रयोग केला: तेच धडे कधी भिंती भरलेल्या खोलीत, कधी रिकाम्या भिंतींच्या खोलीत. भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त विचलित झालं आणि ती शिकलीही कमी. मुलं थोडीच होती, त्यामुळे लगेच सगळे तक्ते उतरवू नका. पण फळ्याच्या भोवतालची जागा तरी मोकळी सोडा. बाकीच्या भिंती मुलांच्या कामाने भरू द्या, महिना लागला तरी.

स्टाफरूममध्ये मुलांची कुंडली ऐकणं

"हा तुझ्या वर्गात आलाय? देव तुझं भलं करो." असं म्हणून चहा पीत बसणारे सगळीकडे असतात. रॉबर्ट रोझेंथल आणि लेनोर जेकबसन यांचा १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पुष्कळांना माहीत असतो. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मुलं निवडली आणि शिक्षकांना सांगितलं की ही यंदा चमकणार. वर्षाच्या शेवटी पहिली-दुसरीतल्या अशा मुलांचे बुद्ध्यांक इतरांपेक्षा जास्त वाढलेले आढळले. वरच्या इयत्तांत तसं काही दिसलं नाही आणि प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे भरपूर टीकाही झाली, तेव्हा त्याचा डंका पिटण्यात अर्थ नाही. तरी मी पहिले दोन आठवडे कान बंद ठेवते. अपवाद एकच: आजार, ऐकू कमी येणं, चष्मा, घरात नुकतंच घडलेलं काही. हे पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे आणि ते स्वतःहून विचारलं पाहिजे. कोण वात्रट आहे हे तुम्हाला तसंही मधल्या सुट्टीपर्यंत कळतं.

बाकीच्या, थोडक्यात

नावं पाठ न करणं. "ए, तू, निळी बाटली" असं वर्षभर चालत नाही. बाकांचा नकाशा काढून हजेरीपटात ठेवा आणि वह्या देताना प्रत्येकाचं नाव घ्या, चुकलं तर चुकू द्या.

प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देणं. मेरी बड रो या शिक्षण-संशोधकांनी वर्गातल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं: शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. मनात एक-दोन-तीन म्हणा.

पहिल्या रात्रीच पालकांच्या मेसेजला उत्तर देणं. एकदा रात्री साडेदहाला उत्तर दिलंत की तीच तुमची कार्यालयीन वेळ. पालकसभेतच सांगा: अमुक वाजेपर्यंत, त्यानंतर सकाळी. आणि मग स्वतः पाळा. "फक्त आजच" म्हणणारे जूनपासून फेब्रुवारीपर्यंत तेच म्हणत राहतात.

आयतं टाचण. कोणीतरी पाठवलेलं वर्षभराचं नियोजन नाव बदलून लावणारे नव्यांत फार. कागद पूर्ण दिसतो, पण तो वर्ग तुमचा नसतो. मी पहिल्या महिन्याचंच तपशिलात लिहिते. पुढचं मुलं बघून.

सुट्टीतली झोप आदल्या रात्री सुधारायला जाणं. रात्री नऊला आडवं होऊन छताकडे बघत बसाल. आठवडाभर आधीपासून रोज पंधरा-वीस मिनिटं लवकर उठा, झोप मागून येते.

पहिल्या आठवड्यात सगळ्या वह्या तपासायचा संकल्प. रोज एक रांग. एवढंच.

सहाव्या आठवड्याला राजीनाम्याची भाषा

नव्या शिक्षकांसोबत अनेक वर्षं काम केलेल्या एलन मॉयर यांनी पहिल्या वर्षाचे टप्पे मांडले आहेत: आधी उत्साह, मग कसंबसं तगून राहणं, मग साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सगळ्याचा वीट येणं. नेमकं तेव्हाच पालकसभा, पहिली चाचणी आणि वरिष्ठांची वर्गभेट एकत्र येतात. सुरुवातीला मुलांची भीती वाटलेली असते, आता आपल्यालाच हे जमत नाही असं वाटायला लागतं. दरवर्षी कोणीतरी याच सुमारास माझ्याकडे येऊन सांगतं की आपण या कामाचे नाही. मी ऐकून घेते आणि दोन कामं सांगते. त्या आठवड्यातला एक गठ्ठा न तपासता, नुसत्या सह्या करून परत द्यायचा. आणि ऑफ तासाला वह्यांत डोकं घालण्याऐवजी, तोच वर्ग ज्यांच्याकडे शांत बसतो त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसायचं. त्या काय शिकवतात ते बघू नका. दार उघडल्यापासून पहिल्या वाक्यापर्यंत काय काय होतं तेवढंच टिपा. हातात वही असू द्या, नाहीतर मागच्या बाकावरची मुलं तुमच्याशीच गप्पा मारत बसतात आणि बोलणी मात्र त्या बाईंची दोघांनाही बसतात.