थायलंडच्या क्राबीला निघालात? आधी पँट दुमडा

आओ नांगहून रेलेच्या किनाऱ्याला रस्ताच नाही, मध्ये चुनखडीचे कडे. लाँगटेल बोटच घ्यावी लागते, आणि ती बहुतेकदा गुडघाभर पाण्यात सोडते. चाकांची बॅग तिथे डोक्यावर घेऊन चालायची असते, सॅकच न्या. कडक इस्त्रीत ऐटीत बसलेल्या आमच्या काकांना मी सांगितलं होतं, ऐकतंय कोण!

शाकाहारी मंडळींनो, नुसतं 'नो मीट' म्हणून निर्धास्त होऊ नका. भाजीतही नाम प्ला, म्हणजे माशाचं खारं पाणी, पडतं. 'किन जे', म्हणजे मी शुद्ध शाकाहारी खातो, असं म्हणा. सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची झणझणीत कोशिंबीर, तिच्यापुढे कोल्हापूरकरांनी तिखटाच्या फुशारक्या मारू नयेत.

मे ते ऑक्टोबर इकडे पाऊस. तेव्हा पूर्वेकडच्या समुद्रातलं सामुई बेट बरं. स्कूटर भाड्याने घेताना पासपोर्ट मात्र गहाण ठेवू नका.