आधी तापमान विचारा

पाइप आतून किती झिजला हे पाहण्यासाठी बसवलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर पाइपची जाडी मोजत नाही, तो भिंतीत सोडलेल्या ध्वनीचा प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजतो; त्या वेळेवरून आणि धातूतील ध्वनीच्या वेगावरून जाडी सॉफ्टवेअर काढते. हे तुम्हाला ठाऊकच असते. मलाही ठाऊक होते, आणि तरीही रिफायनरीतील नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी नेमका तिथेच फसलो.

कच्च्या तेलाचे घटक वेगळे करणाऱ्या क्रूड युनिटमधील एका गरम पाइपलाइनवर वायरलेस सेन्सर बसवलेले होते. पाइपची भिंत 12 मिलिमीटर, धातूचे तापमान सुमारे 280 अंश सेल्सिअस, दिवसातून दोन रीडिंग. दहा दिवसांत जाडी 0.12 मिलिमीटरने घटलेली दिसली. मी वर्षाचा हिशेब मांडला, तर क्षरणाचा वेग 4 मिलिमीटरच्याही वर गेला. त्याच संध्याकाळी ‘तातडीचे’ असा शेरा मारून मी अहवाल पाठवला. दुसऱ्या दिवशी परांची बांधली, इन्सुलेशन उतरवले आणि एका ज्येष्ठ तंत्रज्ञांनी हाताने मोजणी केली. जाडी होती तेवढीच होती.

त्या दहा दिवसांत युनिटचा लोड कमी केल्यामुळे लाइन 225 अंशांपर्यंत थंड झाली होती. पोलादात ध्वनीचा वेग सामान्य तापमानाला सेकंदाला सुमारे 5,900 मीटर असतो आणि तापमान 55 अंशांनी वाढले की तो साधारण 1 टक्क्याने घटतो. लाइन थंड झाली, वेग वाढला, प्रतिध्वनी लवकर परतला. मी मात्र सॉफ्टवेअरमध्ये 280 अंशांचाच वेग ठेवला होता, म्हणून त्याने भिंत पातळ झाल्याचे दाखवले. 12 मिलिमीटरचा 1 टक्का म्हणजे 0.12 मिलिमीटर. सगळा ‘गंज’ तेवढाच होता. याच्या उलट चूक अधिक घातक आहे, कारण लाइन तापत गेली की भिंत जाड झाल्याचे भासते आणि खरा गंज त्याखाली झाकला जातो. रीडिंगमधील ही चूक दुरुस्त करायला तापमान पाइपच्या धातूचे हवे. इन्सुलेशनबाहेर असलेल्या सेन्सरच्या डोक्याचे तापमान घेऊन हा हिशेब करू नका.

“आधी तापमान विचारायचं, मग जाडी,” एवढेच ते तंत्रज्ञ मला म्हणाले. अशा चुकीने कोणी कामातून उठत नाही, हे मी खात्रीने सांगतो. माझे ठाम मत असे, की सेन्सर विकणाऱ्यांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणापेक्षा असा एक माणूस अधिक शिकवतो. नुसता डॅशबोर्ड पाहून हे काम येत नाही. ए-स्कॅन, म्हणजे प्रतिध्वनीचा मूळ आलेख, उघडून त्याचा आकार पाहायची सवय लावा, कारण आतला पृष्ठभाग खडबडीत झाला की आकार बिघडतो आणि आकडा उड्या मारतो.

जागेची निवड हीदेखील तितकीच गंभीर बाब आहे. सेन्सर फक्त आपल्याखालची भिंत पाहतो. कॅलिफोर्नियातील रिचमंड रिफायनरीत 6 ऑगस्ट 2012 रोजी 8 इंची लाइन गंधकामुळे झालेल्या क्षरणाने फुटली आणि मोठी आग लागली. फुटलेल्या सरळ तुकड्याच्या पोलादात सिलिकॉन फारच कमी होते, म्हणून तो शेजारच्या फिटिंगपेक्षा वेगाने झिजला, आणि त्या तुकड्यावर जाडी मोजण्याचा एकही बिंदू नव्हता. त्यामुळे जुन्या कार्बन स्टील लाइनवर सेन्सरच्या जागा ठरवण्यापूर्वी प्रत्येक तुकड्याच्या धातूची नोंद मागा, आणि नोंद नसेल तर तो तुकडा स्वतंत्रपणे मोजून घ्या.