एच-१बीवर नोकरी बदलताना जोडीदाराला अमेरिकेत कसं आणावं

लग्न आणि नवी ऑफर एकाच सुमारास आली, तरी दोन्ही निभावता येतं. फक्त क्रम चुकता कामा नये. जोडीदारासाठीचा एच-४ व्हिसा तुमच्या एच-१बीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असतो. त्यामुळे जोडीदाराच्या व्हिसा मुलाखतीच्या दिवशी तुम्ही कोणत्या कंपनीत, कोणत्या मंजुरीवर काम करताय, हे कागदांवरून लगेच कळलं पाहिजे.

१. आधी व्हिसा की आधी नोकरी, ते ठरवा

मुलाखतीची तारीख जवळ असेल आणि नवी कंपनी थांबायला तयार असेल, तर जुन्या नोकरीत असतानाच एच-४ उरकून घ्या. नंतर नोकरी बदलली म्हणून तो व्हिसा बाद होत नाही, पासपोर्टवर पुन्हा व्हिसाचं स्टँपिंगही लागत नाही. तुमचं एच-१बी स्टेटस मात्र अखंड राहायला हवं.

थांबणं शक्य नसेल, तर नव्या कंपनीला प्रीमियम प्रोसेसिंगने (जादा फी भरून लवकर निकाल) तुमचा एच-१बी अर्ज भरायला सांगा. १५ कामकाजाच्या दिवसांत मंजुरी, नकार किंवा जादा कागदांची मागणी, यांपैकी काहीतरी येतं. आय-७९७ मंजुरीपत्र आणि नव्या कंपनीची एखादी पे स्लिप हाती आली की मुलाखत घ्या.

सगळ्यात अडचणीचा काळ या दोन्हींच्या मधला. अर्ज दाखल झाल्यावर तुम्ही नव्या कंपनीत कायदेशीरपणे रुजू होऊ शकता, पण जोडीदाराच्या हातात नव्या कंपनीची फक्त पोचपावती असते. कॉन्सुलेटला मंजूर झालेला अर्ज बघायचा असतो. या काळात तुम्हीही लग्नासाठी भारतात धाव घेऊ नका. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेबाहेरच्या व्यक्तींसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरची रक्कम लागू झाली. अमेरिकेतच राहून नोकरी बदलणाऱ्यांना ती लागत नाही, पण निर्णय येण्याआधी देश सोडला तर लागू शकते. वकिलाशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नका.

२. नावं जुळवा

विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतंच; लग्नपत्रिका आणि फोटो हे जोडपुरावे. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलायची पद्धत आहे. व्हिसा हाती येईपर्यंत ते थांबवा. पासपोर्टवर जे नाव आहे तेच डीएस-१६० या व्हिसा अर्जाच्या ऑनलाइन फॉर्मवर, अक्षर न् अक्षर तसंच हवं.

३. फॉर्म आणि अपॉइंटमेंट

डीएस-१६०मध्ये तुमच्या आय-७९७वरचा रिसीट नंबर भरायचा असतो. फॉर्म जुन्या कंपनीच्या नंबरने भरला आणि मुलाखतीआधी तुम्ही नवीकडे गेलात, तर नवा फॉर्म भरा आणि त्याचा कन्फर्मेशन नंबर अपॉइंटमेंट प्रोफाइलमध्येही बदला. हे दुसरं काम हमखास विसरलं जातं आणि नंबर जुळला नाही तर दारातूनच परत पाठवतात. मुंबईत बोटांचे ठसे आणि फोटो एका केंद्रावर देऊन मग मुलाखतीला बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये जायचं असतं. डिसेंबर २०२५पासून एच-४ अर्जदारांनाही सोशल मीडिया खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं.

४. फाइल

आय-७९७ची प्रत, कंपनीचं नोकरीचं पत्र, शेवटच्या तीन पे स्लिप आणि डब्ल्यू-२ (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद). नव्या कंपनीची एकच स्लिप असेल तर जुन्या कंपनीच्या शेवटच्या स्लिप जोडा, म्हणजे मध्ये खंड पडला नाही हे दिसतं. तुमचं पद, कंपनी आणि कामाचं शहर जोडीदाराला तोंडपाठ हवं. नोकरी बदलताय का, असं विचारलं तर खरं तेच सांगायचं.

५. उतरल्यावर आय-९४ तपासा

आधी व्हिसा घेऊन नंतर नोकरी बदलली असेल, तर विमानतळावर नवं आय-७९७ न विसरता दाखवा. मग त्याच दिवशी सीबीपी या अमेरिकेच्या सीमा तपासणी यंत्रणेच्या संकेतस्थळावर आय-९४, म्हणजे प्रवेशाची नोंद, उघडा. अमेरिकेत किती दिवस राहता येईल हे ठरवणारी तारीख तीच, व्हिसावरची नव्हे. व्हिसा २०२८पर्यंत असला तरी पासपोर्ट मार्च २०२७मध्ये संपत असेल, तर आय-९४ मार्च २०२७लाच थांबतं. म्हणून पासपोर्टचं नूतनीकरण निघण्यापूर्वीच करा. नवं पत्र दाखवूनही जुनी तारीख पडली असेल, तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात दुरुस्ती मागा.

जोडीदार तिथे असताना तुम्ही पुन्हा नोकरी बदललीत, तर तुमची मुदत वाढते, जोडीदाराची आपोआप वाढत नाही. त्यासाठी आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज वेगळा भरावा लागतो, तोही जोडीदाराचं आय-९४ संपण्याआधी. तुमच्या कंपनीचा वकील तो भरेलच असं गृहीत धरू नका, लेखी विचारून घ्या.