पाच जणांची मालवण ट्रिप कमी खर्चात कशी जमवायची

मे महिना आला की अर्धी मुंबई कोकणात उतरते, तारकर्लीची रूम दुप्पट भावाने घेते आणि घरी येऊन "यंदा फारच खर्च झाला बुवा" म्हणते. आम्ही पण त्यातलेच होतो. आम्ही म्हणजे मी, बायको, दोन पोरं (एक ६ वर्षांचा, एक ११ ची) आणि आई, वय ६८. आम्ही राहतो ठाण्याला, त्यामुळे खालचा हिशोब तिथून धरलाय.

सगळ्यात आधी तारीख ठरवा, हॉटेल नंतर. मे, दिवाळीचा आठवडा आणि २५ डिसेंबर ते १ जानेवारी सोडा. दिवाळीची सुट्टी संपत आली की गर्दी ओसरते, तेव्हा सोमवार ते गुरुवार जा, तीच रूम बर्‍याच कमीत मिळते. पोरांची दोन दिवस शाळा बुडाली तर काही होत नाही, हे बायकोला पटायला मात्र एक वर्ष गेलं. आणि स्वस्त मिळतंय म्हणून जून-जुलैत जाऊ नका, पावसात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, मासेमारीला बंदी, मग तिकडे जाऊन नुसता पाऊसच बघायचा.

आता रेल्वे. नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, प्रवासाचा दिवस सोडून मोजा. कोकणकन्या आणि तुतारी दोन्ही रात्रीच्या, दोन्ही ठाण्याला थांबतात, उतरायचं कुडाळला. त्या दिवशी सकाळी ८ च्या आधी रेल्वेच्या IRCTC साइटवर लॉगिन करून बसा, आधार व्हेरिफिकेशन आधीच उरकून ठेवा आणि सगळ्यांची नावं, वयं तिथल्या मास्टर लिस्टमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या सेव्ह केलेल्या यादीत, भरून ठेवा, ऐनवेळी टाइप करत बसलात की वेटिंग लागलंच समजा. आमची सगळ्यात मोठी चूक इथेच झालेली, जायचं तिकीट काढलं आणि खुशीत यायचं विसरलो, कारण ते चार दिवसांनी उघडणार होतं. मग येताना एका खाजगी बसचे दिलेले पैसे आठवले की अजून पोटात दुखतं. म्हणून दोन्ही तारखांचा अलार्म लावा.

५ ते १२ च्या मधल्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट लागतं, बर्थ घेतला तर पूर्ण. आमचा धाकटा आईच्या कुशीत झोपतो, मोठीला बर्थ घेतो. रेल्वेची सिनियर सिटिझनची सवलत २०२० पासून बंद आहे, त्यामुळे आजीचं तिकीट पूर्णच धरा.

स्वतःची गाडी? जाऊन-येऊन हजारेक किलोमीटर, १५ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर ६५-७० लिटर पेट्रोल, म्हणजे सात हजाराच्या आसपास, टोल वेगळा. पाच जणांचं स्लीपर याच्यापेक्षा बरंच कमी पडतं. पण मोठ्या गाडीत दोन घरं मिळून जाणार असाल तर गाडी परवडते, तिथे मी वाद घालणार नाही.

कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर. स्टेशनबाहेर रिक्षावाले गराडा घालतात, त्यांना म्हणायचं फक्त एसटी स्टँडला सोडा. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, १२ च्या आतल्या पोरांना अर्धं, त्यामुळे आमच्या घरात पूर्ण तिकीट एकट्या माझं. घरात ७५ च्या वरचं कोणी असेल तर त्यांना फुकट, आधार कार्ड सोबत ठेवा.

राहायला समुद्राला टेकलेलं रिसॉर्ट नको, वायरी, देवबागच्या आतल्या बाजूला घरगुती खोल्या भरपूर आहेत. अ‍ॅपवर बघा पण मालकाला डायरेक्ट फोन करा, कमिशन वाचतं तर तो भाव सोडतो. फोनवरच विचारून घ्या: जादा गादीचे किती, नाश्ता धरलाय का, एसी न लावता रेट काय. अ‍ॅडव्हान्स थोडाच पाठवा, आणि आधी व्हिडिओ कॉलवर खोली बघा, फोटोवर जाऊ नका. आणि चारही दिवस एकाच ठिकाणी रहा, मालवण-वेंगुर्ला-गोवा अशी पळापळ केली की निम्मे पैसे गाडीभाड्यातच जातात.

जेवणात मात्र मी हात आखडता घेत नाही. कोकणात जाऊन पोरांना नूडल्स घालायचे असतील तर घरीच बसा. फक्त रोज सुरमई-पापलेटचा हट्ट नको, बांगड्याचं, सौंदाळ्याचं ताट स्वस्त असतं आणि खरं सांगू, चवीला जास्त भारी. मेनूवर किमतीच्या जागी 'साइजप्रमाणे' लिहिलं असेल तर आधी मासा दाखवायला सांगा, भाव विचारा, मगच तव्यावर टाकू द्या. लाज वाटते, पण बिल बघून येणार्‍या घामापेक्षा बरी.

देवबागच्या बोटीचं भाडं बहुतेक वेळा बोटीमागे असतं, माणशी नाही. तेव्हा जेट्टीवर दुसरं एखादं कुटुंब गाठायचं, "निम्मं-निम्मं करूया का?" हे काम आमची आई करते, पाच मिनिटांत त्यांचं गाव, आडनाव, सून कुठली सगळं काढते आणि बोट ठरवून येते. स्कूबाचं पॅकेज सगळ्यांचं घेऊ नका, ज्याला खरंच पाण्यात उतरायचंय त्याचंच घ्या.

काजू, कोकम, मालवणी मसाला शेवटच्या दिवशी मालवणच्या बाजारातून घ्या, जेट्टीजवळच्या स्टॉलवरून नाही. खाजा मात्र दोन पुडे जास्तच घ्या, एक ट्रेनमध्येच संपतो.